उपासाची तपेली

मित्रांनो, मी एक जुनी तपेली आहे. वयानं म्हणाल तर सहाच वर्षांची, आणि स्टीलच्या भांड्याला सहा वर्षं म्हणजे काहीच नव्हेत. माझ्याबरोबर त्याच दुकानात मांडलेल्या माझ्या बहिणी सातारा-कऱ्हाडकडच्या घरांत अजून नव्यासारख्या चकाकत असतील. मला मात्र एका दुपारनं जुनं केलं. माझ्या तळाशी, आतल्या बाजूनं, बांगडीएवढा निळसर तपकिरी डाग आहे. तो चिंचेनं निघत नाही, पावडरीनं निघत नाही. त्या डागाची हकिगत सांगायची मला लाज वाटते. पण लाज वाटते तेच सांगावं. चांगलं सांगायला भांड्याला तोंड कशाला हवं? ते चकाकून दाखवतंच.

एका कारखान्यात पत्र्याची गोल चकती यंत्राखाली दाबली, आणि मी झाले. काठ वळवले, अंगाला घासून घासून झिलई दिली, आणि गवताच्या पेंढ्यात गुंडाळून मी सातारच्या एका भांड्यांच्या दुकानात आले. तिथून मला सुलेखाआत्यांनी निवडलं. निवडलं म्हणजे बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकला, उजेडाकडे धरून तळ पाहिला, आणि मगच मान हलवली. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसला होता. त्याची विजेची लेखणी गुरगुरत माझ्या काठाखालून फिरली आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटली : 'कु. पद्मजा हिस, सुलेखाआत्याकडून, १९८३'.

पद्मजा म्हणजे आत्यांची भाची. वनस्पतिशास्त्र शिकलेली, चोवीस वर्षांची, हळू बोलणारी मुलगी. पीएच.डी. करायला ती अमेरिकेत निघाली होती, मिशिगनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तिचं काही चुकायचं नाही. आत्यांनी मला एका जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात बांधलं आणि सांगितलं, "हे बघ पद्मे, तिथे कुठल्या भांड्यात काय शिजलेलं असेल देव जाणे. ही तुझी एकटीची. फक्त उपासापुरती. हिच्यात दुसऱ्याचा चमचा पडू द्यायचा नाही."

हे ऐकून माझी छाती फुगली. आपण साधं भांडं नाही, आपण उपासाचं भांडं, असं मला त्या क्षणापासून वाटू लागलं. पुढचं सगळं त्या फुगण्यातूनच झालं.

विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर एक जुनं लाकडी घर होतं. त्यात चार खोल्यांत चौघी मुली आणि एकच स्वयंपाकघर. लॉरेन त्याच राज्याच्या उत्तरेकडची, शेतकऱ्याची मुलगी. मोठ्यानं हसायची आणि रोज सकाळी बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, तळायची. तो वास पडद्यांतसुद्धा मुरला होता. मी-सुक कोरियाची, पियानो शिकणारी. तिची तिखट कोबीची बरणी ती आपल्याकडच्या लोणच्यासारखी जपायची. आणि हिरुत. हिरुत इथिओपियाची, उंच, सावकाश चालणारी, जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारी. तिच्या आईचं गाव डोंगराळ भागात होतं. तिथल्या विहिरी आटत चालल्या होत्या, म्हणून ती पाणी शिकायला आली होती.

चौघींच्या चार फळ्या. बाकीची भांडी सामाईक, जिला लागेल तिनं घ्यावीत. मी तेवढी पद्मजाच्या फळीवर सगळ्यात वर, लुगड्याच्या तुकड्यात. सोमवारी उतरायचं, धुवायचं, वरीचे तांदूळ नाहीतर साबुदाणा शिजवायचा, पुन्हा धुवायचं, पुसायचं, गुंडाळायचं. हिरुतला याची मोठी गंमत वाटे. मला ती 'राणीसाहेब' म्हणायची.

"पद्मजा, राणीसाहेबांची आंघोळ झाली का? मी ओटा वापरू?"

"दोन मिनिटं थांब हं."

"थांबते. राण्यांना वेळ लागतो."

पद्मजा हसायची. पण हसता हसता मला हिरुतच्या हातापासून जरा दूर सरकवायची. तिनं सरकवलं आणि मी सरकले. मला ते आवडायचं, हे मी आज कबूल करते.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचा सप्ताह होता. सत्तर देशांचे झेंडे लागले. माहितीपुस्तकासाठी फोटो हवा म्हणून एक फोटोग्राफर आमच्या घरी आला. चार देशांच्या चार मुली एका घरात! त्याला कोण आनंद झाला. त्यानं लुगड्याचा तुकडा उलगडला, सगळ्यांत चकचकीत म्हणून नेमकं मलाच फळीवरून काढलं, शेगडीवर ठेवलं, आणि चौघींच्या हातांत चमचे दिले. "वन पॉट! ऑल ऑफ यू! स्माइल!" चार चमचे माझ्यात बुडाले. पाण्यातच, आत काहीच नव्हतं. पद्मजा हसली. फोटो छान आला असणार.

तो गेल्यावर पद्मजानं मला तीनदा घासलं. मग देवाच्या कप्प्यातला गंगेचा छोटा गडू फोडून त्यातले चार थेंब माझ्यात टाकले. हिरुत पाणी प्यायला आली होती. दारात उभी राहून तिनं पाहिलं.

"फोटोत काही सांडलं का हिच्यावर?"

"नाही... डाग होता जरासा."

डाग नव्हता. तेव्हा माझ्यावर एकही डाग नव्हता.

नोव्हेंबरात सातारहून पत्र आलं. पद्मजाच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. परत जावं तर शिष्यवृत्ती सुटत होती आणि पुन्हा येणं जमलं नसतं. वडिलांनीच आईकडून लिहवून घेतलं होतं, डाव्या हातानं खुणा करून : येऊ नकोस. मग पद्मजानं मार्गशीर्षात सोळा सोमवारांचं व्रत धरलं. दिवसभर निर्जळी, संध्याकाळी पूजा, कहाणी, आणि माझ्यात शिजवलेलं चार घास अळणी. त्या मुलीचा सगळा जीव त्या सोळा सोमवारांत होता. आपल्या हातून एक जरी चूक झाली तर वडील उठणार नाहीत, अशी गाठ तिनं मनात बांधून घेतली होती. आता मी नुसती तपेली राहिले नव्हते. मी तिच्या वडिलांचा श्वास झाले होते.

नाताळच्या सुट्टीत ती मला घेऊन डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला गेली, सुमित्राकाकूंकडे. काकू साताऱ्याच्याच. काका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. आपल्या गावची मुलगी एकटी आहे म्हणून काकू तासभर ड्राइव्ह करून तिला न्यायला यायच्या, स्वतःचा जाड कोट द्यायच्या, येताना मेतकुटाची बाटली भरून द्यायच्या. इतकं मायाळू माणूस. त्या दिवसांत टीव्हीवर रोज इथिओपियातला दुष्काळ दाखवायचे. हाडं निघालेली मुलं, रांगा, धूळ. काकू पोळ्या लाटता लाटता बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. आणि तशाच भरल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, "पद्मजा, ती तुझ्याबरोबरची मुलगी तिकडचीच ना गं? भांड्याकुंड्यांकडे लक्ष ठेव हो. भुकेली माणसं, त्यांना आपलं-दुसऱ्याचं कळत नाही."

पद्मजा काही बोलली नाही. नुसती हसली. मित्रांनो, न बोलता हसणं हेही बोलणंच असतं. आणि कानात गेलेलं कधी तोंडातून बाहेर येईल याचा नेम नसतो.

परत आल्यावर आमचे सोमवार पुढे सुरू झाले. हिरुतनं काही विचारलं नाही, पण ती सोमवारी संध्याकाळी कांदा चिरायची नाही. पद्मजाची कहाणी चालू असली की टीव्हीचा आवाज बारीक करायची. एकदा लॉरेन गात गात आत आली तर तिनं ओठांवर बोट ठेवलं, "श्श. ती देवाशी बोलतेय." पद्मजाच्या ते ध्यानात आलं नाही. तिचे डोळे मिटलेले होते. आणखीही एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. बुधवारी आणि शुक्रवारी हिरुत दुपारी दोनपर्यंत स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकत नसे. फळीवरून मला दिसायचं. पण मला वाटायचं, अभ्यास असेल. दुसऱ्या कुणाचा उपास असू शकतो, हे मला उपासाच्या भांड्यालाच सुचलं नाही!

पंधरा सोमवार पार पडले. मार्चमधला बुधवार होता. बाहेर बर्फाचा काळा चिखल झालेला. दुपारी दोनच्या सुमाराला हिरुत आत आली. तिचा ॲल्युमिनियमचा छोटा टोप ओशट, करपट होऊन मोरीत पडला होता. तिनं एकेक सामाईक भांडं उचललं, नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. मग बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. शेवटी मला खाली काढलं, लुगड्याचा तुकडा नीट घडी करून बाजूला ठेवला, आणि मला एकदा, दोनदा, तीनदा धुतलं. छातीवर क्रूसाची खूण केली. आणि हळूच म्हणाली, "राणीसाहेब, माफ करा. आज या घरात तुमच्याइतकं स्वच्छ कुणी नाही."

तिचा हात लागला तेव्हा मी अंग चोरलं. खोटं कशाला बोलू? पण तिनं माझ्यात मसूर घातली, कांदा, तेल आणि तिच्या देशाचं लाल तिखट. मंद आचेवर डाळ रटरटू लागली. असा वास मला कधी लाभला नव्हता. बेचव वरीच्या तांदळानंतर मला पहिल्यांदाच आपण भांडं असल्यासारखं वाटलं.

अडीचला पद्मजा आली. एरवी ती संध्याकाळशिवाय यायची नाही, पण टपालात घरचं पत्र आलं होतं आणि ते वाचून तिला प्रयोगशाळेत बसवलं नव्हतं. वडिलांत काही सुधारणा नाही, असं आईनं लिहिलं होतं. पत्र तिच्या हातातच होतं. तिनं शेगडीवर मला पाहिलं. माझ्यात लाल, तेलाचा तवंग आलेलं काहीतरी खदखदत होतं. तिनं आत नीट डोकावूनही पाहिलं नाही.

"काय आहे हे?"

"पद्मजा! बरं झालं आलीस. मी तुला सांगणारच होते..."

"ही माझी तपेली आहे. माझ्या व्रताची! हिच्यात तू मांस शिजवलंस?"

"मांस? नाही, ऐक तरी. मी तीनदा धुतली आहे. झाल्यावर पुन्हा तीनदा..."

"धुऊन जात नाही ते!" पद्मजाचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. आणि मग ते आलं. तिनं ते इंग्रजीत म्हटलं, पण मला ते कुठून आलं ते लगेच कळलं. "तुमच्याकडे दुष्काळ असेल. म्हणून काय दुसऱ्याच्या भांड्यात हात घालायचा?"

हिरुतनं हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

पद्मजानं मला फडक्यानं उचललं, सगळी डाळ कचऱ्याच्या डब्यात उपडी केली, आणि मला रिकामीच तापल्या शेगडीवर आपटलं. मग ती रडत उभी राहिली. शेगडी चालूच होती. कोरडी मी तापत गेले, आतून आधी पिवळी पडले, मग तपकिरी, मग निळी. जळका वास सुटला. पद्मजाला भान नव्हतं. शेवटी हिरुतनंच हात पुढे केला आणि शेगडी बंद केली. मग ती आपल्या खोलीत गेली. दार तिनं आपटलं नाही, अलगद लावलं.

पद्मजानं मला किराण्याच्या तपकिरी कागदी पिशवीत कोंबलं आणि मागच्या दाराशी कचऱ्याजवळ ठेवलं.

संध्याकाळी लॉरेन आली. पद्मजा ओट्याशी चहा न पिता बसली होती. लॉरेन नेहमीसारखी हसली नाही.

"पॅड्मा, ती मसूर होती."

"काय?"

"दुपारी तू फेकलीस ती. लेन्टिल्स. हिरुतचा तो छोटा पॉट काल मीच बेकनला वापरला. माझीच चूक. आय डिडन्ट थिंक. या घरात बेकन न लागलेलं एकच भांडं होतं, तुझं."

"पण... तिला बेकनचं काय? ती तर..."

"तिचा लेंट चाललाय, ईस्टरआधीचे उपास. पंचावन्न दिवस! मीट नाही, दूध नाही, बटर नाही. दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही. कालपासून तिच्या पोटात काही नाही." लॉरेननं तिच्याकडे बघितलं. "तुला खरंच माहीत नव्हतं? मला वाटलं तुला तरी कळेल. तू तर आमची फास्टवाली!"

लॉरेन गेल्यावर पद्मजा उठली. मागच्या दाराशी आली, खाली जमिनीवर बसली आणि मला पिशवीतून काढलं. माझ्या काठाला आतून डाळीचे चार-पाच दाणे चिकटून वाळले होते. तिनं ते नखानं खरवडले आणि जिभेवर ठेवले. मसूर. कांदा. तिखट. बाकी काही नाही.

मित्रांनो, आपल्याकडे अगदी भांडकुदळ बाईसुद्धा उपास सोडायला बसलेल्या माणसापुढचं ताट ओढत नाही. वैऱ्याचंही ओढत नाही. आणि दर सोमवारी कहाणी वाचणाऱ्या या मुलीनं ते ओढलं होतं, आणि कचऱ्यात ओतलं होतं. 'उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये' असं ती दर सोमवारी शेवटी म्हणायची. वसा तिनं टाकला नव्हता. पण मातली होती. आणि तिच्याआधी मातले होते मी. ती तिथेच बसून मला कुशीत धरून कितीतरी वेळ हमसत राहिली. मग तिनं मला धुतलं. एकदाच. गंगेच्या गडूला हात लावला नाही.

तुम्ही म्हणाल, लगेच जाऊन माफी मागायची. पण लाज ही फार भित्री असते. ती माणसाला दारापर्यंत नेते आणि तिथून परत फिरवते. पद्मजा रोज हिरुतच्या दाराशी जायची आणि परत यायची. हिरुत पूर्वीसारखीच मीठ द्यायची, दार धरून ठेवायची, गुड मॉर्निंग म्हणायची. फक्त मला राणीसाहेब म्हणायची बंद झाली. चेष्टा थांबल्यावर ते घर इतकं शांत झालं, की मी-सुकही विचारू लागली, आजारी आहे का कुणी? उरलेला एक सोमवार पद्मजानं माझ्यातच पार पाडला. खाली डाग, वर वरीचे तांदूळ. जेवताना ती तांदूळ बाजूला सारून डागाकडे बघत होती.

सतराव्या सोमवारी उद्यापन. पाच शेर कणकेचा चुरमा करायचा असतो. शेराचा हिशेब तिथे कोण सांगणार? दुकानात कणकेची पिशवी नेमकी पाच पौंडांची मिळत होती. पद्मजानं तिला हात जोडले आणि तीच घरी आणली. सकाळपासून माझ्यात घाण्यावर घाणे मुटके तळले, चुरले, तूप-गूळ घालून कालवले. मग चुरम्याचे तीन भाग केले. एक देवाचा, एक वाटायचा, एक आपला. तेवढ्यात सुमित्राकाकूंचा फोन आला.

"अगं, किती वाजता येऊ घ्यायला? इकडे पाच-सहा घरं सांगून ठेवली आहेत प्रसादाला."

"काकू, वाटायचा भाग मी इथेच वाटणार आहे."

"इथे म्हणजे? तिथे कोण आहे आपलं?"

"तेच बघायचंय, काकू," पद्मजा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिनं मी-सुकला दिलं, लॉरेनला दिलं. लॉरेननं उभ्या उभ्या तीन मूठ खाल्लं. मग उरलेला सगळा वाटा माझ्यात भरून, मला दोन्ही हातांत धरून ती हिरुतच्या दाराशी गेली. या वेळी परत फिरली नाही.

हिरुतनं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हात पुढे करून मला घेतलं आणि कपाळाला लावलं. चुरम्याचा वास घेतला. तिचे डोळे क्षणभर मिटले. मग तिनं विचारलं, "बटर आहे यात?"

"तूप..." एवढं म्हणाली आणि पद्मजाचा चेहरा उतरला. दूध नाही, लोणी नाही. लॉरेननं सांगितलं होतं. सगळं ऐकून, इतकं रडून, पुन्हा तिनं विचार केला तो फक्त आपल्याच व्रताचा! आता तिचा प्रसाद हिरुतच्या दाराशी अशुद्ध होऊन उभा होता. घेणारी तो भिरकावू शकत होती. 'धुऊन जात नाही ते' असं म्हणू शकत होती. मी तिच्या हातांत होते मित्रांनो, आणि मी वाट बघत होते त्या वाक्याची.

हिरुत म्हणाली, "तेरा दिवस राहिलेत. मी ठेवते." तिनं टेबलावरून चांदीसारखा कागद घेतला, चुरमा त्यात मुठीमुठीनं नीट बांधला, वर ईस्टरची तारीख लिहिली. "तुझ्या देवाला थांबता येतं ना?"

पद्मजाला हुंदका आला. "हिरुत, त्या दिवशी मी जे केलं..."

"विचारायला हवं होतं मी. तू घरात नव्हतीस."

"नाही, नाही. तुझं जेवण मी..."

"जेवणाचं राहू दे. उपास आणखी थोडा लांबला, एवढंच." माझा काठ तिच्या बोटांखाली होता आणि ती बोटं थंड होती. "दुष्काळाचं म्हणालीस ते. ते माझ्या आईचं गाव आहे, पद्मजा. नोव्हेंबरपासून तिचं पत्र नाही. ते मला अजून गिळता आलेलं नाही."

नोव्हेंबर! त्याच महिन्यात पद्मजाच्या वडिलांच्या आजाराचं पत्र आलं होतं. एकाच ओट्याशी दोघी दोन गावांची काळजी घेऊन उपाशी उभ्या राहात होत्या, आणि त्यांच्या मधे मी होते, लुगड्यात गुंडाळलेली.

हिरुतनं मला रिकामी करून, पुसून परत दिलं.

ईस्टरला हिरुत डेट्रॉइटला तिच्या लोकांच्या प्रार्थनेला गेली. जाताना तो कागदाचा पुडा सोबत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पद्मजा सकाळी स्वयंपाकघरात आली तेव्हा मी ओट्यावर होते, आणि माझ्यात एक गोल, जाड पाव होता. त्यांचा सणाचा पाव. तोच चांदीचा कागद धुऊन, पुसून, त्यात बांधलेला. वर चिठ्ठी होती : 'चुरमा आम्ही अकराजणांनी खाल्ला. या पावात अंडं नाही. करणाऱ्या बाईंना मी दोनदा विचारलं. हिरुत.'

दोनदा विचारलं. पद्मजानं ती चिठ्ठी वाचली, आणि पुन्हा वाचली. दीड वर्ष एका घरात राहून तिनं हिरुतला एकदाही काही विचारलं नव्हतं.

मेमध्ये हिरुतचा अभ्यास संपला आणि ती गेली. आईचं पत्र आलं की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. पद्मजा तिला लिहायला बसते. सुरुवात करते आणि त्या एका वाक्यापाशी येऊन थांबते. वडील त्या वर्षी उठून बसू लागले, दोन-चार शब्द बोलू लागले. तिनं देवाचे आभार मानले, पण तेही मान खाली घालून. आणि शरद ऋतूत विद्यापीठाचं माहितीपुस्तक आलं. गुळगुळीत कागदावर चार मुली, चार चमचे, मधे मी लखलखीत. खाली लिहिलं होतं : 'सत्तर देश, एक कुटुंब'.

आता १९८९ साल आहे. पद्मजाचं लग्न झालं, ती ट्रॉयलाच राहाते आणि रविवारी तळघरात आपल्याकडच्या लोकांच्या मुलांची मराठी शाळा घेते. ती अजून सोमवार करते. मी आता उपासाची राहिले नाही. मी सगळ्यांची आहे. ज्याला हवी त्यानं मागावी, पद्मजा देते, आणि देताना त्यालाच विचारते, "तुम्हाला काय चालत नाही?"

गेल्या रविवारी नंदा नावाची सात वर्षांची चिमुरडी फळीवरच्या पुस्तकातला फोटो बघत होती. तिनं आधी फोटोतली मी पाहिली, मग माझ्यात डोकावली.

"पद्मजामावशी, इट्स द सेम पॉट! पण यात हा डाग नाहीये."

"तेव्हा नव्हता."

"वर यू गाइज बेस्ट फ्रेंड्स?"

पद्मजा पुस्तक मिटणार होती. पण मिटलं नाही. "नाही गं," ती म्हणाली. "व्हायला हवं होतं." आणि मग तिनं मुलांना पुढ्यात बसवून हे सगळं सांगितलं. मान खाली घालून, पण एकही वाक्य न गाळता. ते दुष्काळाचंसुद्धा.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी तपेली असेल. कुणाच्या आजीची, कुणाच्या देवाची. तिला जपा. व्रत घेतलं तर जरूर पाळा. पण आपलं भांडं इतकं उंच फळीवर ठेवू नका, की खालच्या माणसाचा उपास दिसणार नाही. घासून घासून चकचकीत ठेवायची वस्तू मी नाही, ती जीभ आहे. आणि शेजारच्या ओट्यावर कुणी काही शिजवत असेल, तर ओरडण्याआधी जवळ जा, झाकण उचला, आणि विचारा.

मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. मसूर होती हो. नुसती मसूर.